कृत्रिम दंततज्ज्ञ : शास्त्र, शिक्षण व सेवा

(अभ्यासलेख)

प्रास्ताविक

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा आम्ही कृत्रिम दंतशास्त्र हा विषय निवडला. त्यामागील कारण प्रारंभीच प्रांजळपणे सांगणे आम्हांस उचित वाटते.

काही महिन्यांपूर्वी जवळच्या गावातील एक शेतकरी गृहस्थ कार्यालयात आले. रुमालात बांधून आणलेली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, माय गेली. हे कवळी कोनाले बसत असन तं द्या." विचारपूस करता कळले की, त्यांच्या मातोश्रींना ही कवळी आपल्याच रुग्णालयाच्या मोफत शिबिरात मिळाली होती. पहिल्या दोन दिवसांतच खालच्या हिरडीला जखम झाली, म्हणून कवळी काढून कोनाड्यात ठेवली गेली. त्रास झाल्यास दाखवावयास या, असे शिबिरात सांगितले गेले असेलही. परंतु कोणास दाखवावे आणि कोणत्या दिवशी यावे, हे घरात कोणासच ठाऊक नव्हते. पुढील जवळपास दोन वर्षे त्या माउलीने पेज, चहात भिजविलेली बिस्किटे आणि मऊ भात यांवर काढली. शिबिराच्या वर्षीच्या अहवालात 'लाभार्थी' या रकान्यात त्यांची गणना झालेली आहे. तो रकाना आम्हीच भरला होता.

एकाची कवळी दुसऱ्यास बसत नाही, हे त्या गृहस्थांस सांगताना आम्हांस संकोच वाटला. कारण शिबिर भरविताना आमची समजूतही त्यांच्याहून फारशी निराळी नव्हती. चादर किंवा कुबडी यांप्रमाणे कवळी ही वाटण्याची वस्तू आहे, असेच आम्ही धरून चाललो होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि त्या दिवसानंतर नागपूरहून येणाऱ्या दंततज्ज्ञांजवळ बसून आम्ही हा विषय समजून घेतला. जे समजले ते आमच्या देणगीदारांपुढे, विश्वस्तांपुढे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहोत.

दात गेल्यावर काय होते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्यविषयक अहवालाप्रमाणे जगातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींच्या मुखात एकही दात उरलेला नाही. २० वर्षांवरील सर्व व्यक्तींचा विचार करता हे प्रमाण सुमारे ७ टक्के आहे. हा आकडा मोठा असला, तरी दात गेलेल्या माणसाकडे घरच्यांचे लक्ष सहसा जात नाही. आपला भंडारा जिल्हा धानाचा आहे. भात न चावताही गिळता येतो. त्यामुळे म्हातारे माणूस ताटावर बसते, भात-वरण कालवून जेवते आणि सारे ठीक आहे असे घरच्यांस वाटते. प्रत्यक्षात त्या ताटातून एकेक पदार्थ नाहीसा होत असतो. प्रथम भुईमूग व फुटाणे जातात, मग पेरू व काकडी, त्यानंतर पालेभाजी, उसळ आणि मांसाहारी कुटुंबात मासळी-मटणही. अखेर भात, पेज आणि चहा एवढेच उरते. पोट भरते, परंतु प्रथिने, तंतू व जीवनसत्त्वे कमी पडत जातात. उतारवयातील अशक्तपणाचे कारण कित्येकदा मुखात असते आणि आपण ते वयात शोधतो.

दुसरी हानी हाडाची. दाताचे मूळ ज्या हाडात रोवलेले असते ते हाड दातासाठीच असते. दात गेला की ते झिजू लागते. टॉलग्रेन या संशोधिकेने संपूर्ण कवळी वापरणाऱ्या व्यक्तींचे २५ वर्षे केलेले निरीक्षण १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली. वरची कवळी टाळूवर चिकटून राहते, खालची मात्र हलते व टोचते, अशी जी तक्रार घरोघरी ऐकू येते तिचे एक प्रमुख कारण हे आहे. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असते. तिला टेकण्यास जागा थोडी, आणि जिभेची हालचाल तिला सतत उचलीत असते.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर कवळी आहे तशीच राहते आणि जबड्यावर मात्र दरवर्षी घसारा लागतो. म्हणूनच आज नेमकी बसणारी कवळी काही वर्षांनी सैल होते. तिचा आतील भाग नव्याने भरून घ्यावा लागतो, आणि पुढे केव्हातरी ती संपूर्ण बदलावी लागते.

तिसरी हानी वाणीची. शाळेत व्याकरण शिकताना त, थ, द, ध या वर्णांना 'दंत्य' म्हणतात हे आपण पाठ केले होते. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकल्याखेरीज हे वर्ण स्पष्ट उमटत नाहीत. 'फ' आणि 'व' यांच्या उच्चारात वरचे दात व खालचा ओठ यांचा संबंध येतो. दात गेलेला मनुष्य बोलताना हात तोंडाशी नेतो, हळूहळू लग्नकार्यात जाण्याचे टाळतो, नातवंडांना गोष्ट सांगण्याचेही सोडतो. या हानीची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

कृत्रिम दंततज्ज्ञ म्हणजे कोण

गेलेल्या दातांच्या व मुखातील गेलेल्या अवयवांच्या जागी कृत्रिम भाग बसविणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणतात. या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला दंतवैद्य तो प्रॉस्थोडॉन्टिस्ट. या लेखात आम्ही त्यास कृत्रिम दंततज्ज्ञ म्हटले आहे. संपूर्ण कवळी, काही दात शिल्लक असताना काढघाल करता येणारी अर्धी कवळी, दातावरील कॅप, शेजारच्या दातांच्या आधाराने बसविलेला ब्रिज, हाडात रोवलेल्या इम्प्लांटवरील दात, आणि शस्त्रक्रियेने गेलेल्या टाळूची, डोळ्याची, नाकाची किंवा कानाची कृत्रिम प्रतिकृती, एवढा विस्तार या शाखेचा आहे.

या तज्ज्ञाच्या पाठीशी आणखी एक व्यक्ती असते, जिचे दर्शन रुग्णास क्वचितच घडते. ती म्हणजे दंत तंत्रज्ञ. व्यवहारात आणि कायद्यात त्यास 'डेंटल मेकॅनिक' म्हटले आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक असे तीन वर्ग मानले. त्यापुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. रुग्णाच्या तोंडातील काम दंतवैद्याचे आणि प्रयोगशाळेतील घडण तंत्रज्ञाची, अशी ही वाटणी आहे. आठवडी बाजारात सतरंजी अंथरून तारेने व अ‍ॅक्रिलिकने शेजारच्या दातास नवा दात चिकटवून देणारे कारागीर आपण सर्वांनी पाहिले आहेत. असा दात काढून स्वच्छ करता येत नाही. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि ज्या चांगल्या दातास तो बांधलेला असतो तो दातही काही काळाने जातो. कमी पैशांत झालेले काम अखेर महाग पडते.

कवळी कशी तयार होते

ही प्रक्रिया आम्ही थोड्या विस्ताराने देत आहोत, कारण आमची चूक नेमकी येथेच झाली.

पहिल्या भेटीत दंततज्ज्ञ मुख तपासतात. हिरडीत तुटलेले मूळ राहिले आहे काय, हाडाचे टोकदार उंचवटे आहेत काय, जखम किंवा पांढरा चट्टा आहे काय, हे पाहिले जाते. नुकतेच दात काढले असतील तर हिरडी भरून येईपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने थांबावे लागते. त्यानंतर दोन्ही जबड्यांचे प्राथमिक माप घेतात. या मापावर प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती तयार होते आणि त्या प्रतिकृतीवरून केवळ त्याच रुग्णासाठी मापाचा खास साचा, म्हणजे ट्रे, बनवितात.

दुसऱ्या भेटीत त्या ट्रेने अंतिम माप घेतले जाते. गाल, ओठ व जीभ हलवून कवळीची कडा कोठे संपावी हे ठरविले जाते. कडा तोकडी राहिली तर कवळी धरून राहत नाही, लांब झाली तर टोचते. त्या माउलीच्या हिरडीला झालेली जखम बहुधा अशाच एखाद्या लांब कडेची असावी, असे आमच्या तज्ज्ञांनी कवळी पाहून सांगितले. कानशीच्या दोन मिनिटांच्या कामाने ती दूर झाली असती.

तिसरी भेट जबड्यांच्या परस्परसंबंधाची. दात नसलेल्या माणसाच्या हनुवटीने नेमके किती वर यावे हे सांगणारी कोणतीही खूण मुखात उरलेली नसते. तज्ज्ञ मेणाच्या कडा तोंडात ठेवून ती उंची शोधतात. उंची अधिक झाली तर दात एकमेकांवर आपटतात आणि जबडा दुखतो. कमी झाली तर नाक व हनुवटी जवळ येऊन चेहरा अधिकच म्हातारा दिसतो. येथे कान उपयोगी पडतो. रुग्णास साठपासून सत्तरपर्यंत मोजावयास सांगतात. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट या आकड्यांत 'स' व 'ष' वारंवार येतात. ते म्हणताना वरखालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ यावेत, परंतु लागू नयेत. जबड्यांचा हा संबंध नंतर आर्टिक्युलेटर नावाच्या उपकरणावर उतरवितात. हे उपकरण म्हणजे धातूचा जबडाच होय.

चौथ्या भेटीत मेणात बसविलेले दात तोंडात घालून पाहतात. दातांचा रंग व आकार, हसताना दिसणारी रेषा, उच्चार, सारे येथे पारखले जाते. घरातील माणसाने या भेटीस अवश्य सोबत यावे, अशी आमची विनंती आहे. मेणातला दात हलविता येतो, अ‍ॅक्रिलिकमधला येत नाही.

यानंतरचे काम तंत्रज्ञाचे. मेणाची कवळी प्लास्टरच्या साच्यात बंद करून उकळत्या पाण्याने मेण काढून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरतात. भंडाऱ्याचे पितळकाम किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यातील ओतकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना साच्याची ही रीत परकी वाटणार नाही. भरलेला साचा पाण्यात ठेवून सुमारे ७४ अंश सेल्सिअस तापमानावर संथपणे शिजवितात व अखेरीस पाणी उकळीपर्यंत नेतात. घाई करून एकदम उकळी आणली तर आतील द्रव उकळून कवळीत बारीक बुडबुडे राहतात, तेथे पुढे घाण साचते आणि तेथूनच ती तडकते. साचा थंडही सावकाश व्हावा लागतो, अन्यथा कवळी वाकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळीचा तळ कडक केलेल्या रबराचा असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून अ‍ॅक्रिलिक आले आणि आज जगभर तेच सर्वाधिक वापरले जाते.

पाचव्या भेटीत कवळी दिली जाते. आमच्या शिबिराचे काम येथे संपत असे; शास्त्राप्रमाणे येथून खरी सेवा सुरू होते. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व पुन्हा महिन्याने रुग्णाने येणे आवश्यक असते. टोचणारी जागा घासून काढावी लागते, चावताना कवळी एका बाजूस कलते काय ते पाहावे लागते, आणि रुग्णाचा धीर टिकवावा लागतो. कारण संपूर्ण कवळीने चावण्याचे बळ नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते. नव्या पायताणाप्रमाणे नव्या कवळीचीही सवय व्हावी लागते.

शिबिरात या साऱ्या भेटी एक-दोन दिवसांत उरकल्या जात. हेतू चांगला होता. रोजमजुरी करणाऱ्या कुटुंबास प्रत्येक फेरी म्हणजे दोन माणसांची रोजी बुडणे, आणि रोवणीच्या दिवसांत तर ते शक्यही नसते. परंतु ज्या भेटी टाळून आम्ही रुग्णाची सोय केली, त्याच भेटींवर कवळीचे यश अवलंबून होते.

खर्रा, कर्करोग आणि टाळू

विदर्भात या शाखेचे महत्त्व कवळीपुरते मर्यादित नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा आपल्या भागात किती रुजला आहे हे सांगावयास नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरीही सुपारी व तंबाखूची सवय सुटलेली नाही. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतू तयार होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. या विकारास 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. अशा रुग्णाच्या तोंडात मापाचा ट्रेच जात नाही. तेव्हा ट्रेचे दोन भाग करून, एकेक आत नेऊन माप घ्यावे लागते आणि काही वेळा कवळीही दोन तुकड्यांची करावी लागते.

पुढची पायरी कर्करोगाची. वरच्या जबड्याचा कर्करोग काढताना टाळूचा भाग गेला की तोंड व नाक यांमधील पडदाच नाहीसा होतो. प्यालेले पाणी नाकातून येते, अन्न वर जाते, आणि शब्द असे उमटतात की घरच्यांनाही कळत नाहीत. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने हेच संकट अल्पावधीत अनेकांवर आणले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले होते. नागपूर हा महाराष्ट्रातील अधिक झळ पोहोचलेल्या भागांपैकी एक होता. ही बुरशी नाकाशेजारील पोकळ्यांतून पसरते. रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी शल्यचिकित्सकांस वरचा जबडा, तर काहींचा डोळाही काढावा लागला.

अशा रुग्णासाठी कृत्रिम दंततज्ज्ञ जे साधन बनवितात त्यास ऑब्च्युरेटर म्हणतात. ती वरची कवळीच असते, फक्त तिच्या वरच्या अंगास टाळूतील पोकळी बुजविणारा गोळा असतो आणि वजन कमी राहावे म्हणून तो आतून पोकळ ठेवतात. पहिला ऑब्च्युरेटर शस्त्रक्रियेच्या वेळीच बसविता येतो, दुसरा जखम भरत असतानाचा, आणि सर्व स्थिर झाल्यावर कायमचा. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच माप घेतलेले असणे फार हिताचे असते. कुटुंबीयांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी: वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधीच कृत्रिम दंततज्ज्ञाची भेट मागावी. साधन बसविताच रुग्ण पहिला पाण्याचा घोट घेतो आणि तो नाकातून येत नाही. त्या क्षणी रुग्णाच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठीच आपण हा व्यवसाय पत्करला, असे आमचे तज्ज्ञ सांगतात.

या व्यवसायाकडे कसे वळावे

आमच्या परिसरातील बारावीची मुले-मुली व त्यांचे पालक प्रवेशाविषयी कार्यालयात चौकशी करतात, त्यांच्यासाठी ही माहिती. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन 'नीट' परीक्षा द्यावी. त्यातून बी.डी.एस. या सुमारे ५ वर्षांच्या पदवीस प्रवेश मिळतो. त्यात इंटर्नशिपचा समावेश असतो. त्यानंतर 'नीट-एम.डी.एस.' परीक्षा देऊन प्रॉस्थोडॉन्टिक्स विषयात ३ वर्षांची एम.डी.एस. पदवी. म्हणजे बारावीनंतर किमान ८ वर्षे. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासून, तर आपल्या सर्वांत जवळचे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून हे शिक्षण-क्षेत्र सांभाळीत आले आहे. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून नागपूर रेल्वेने सुमारे ६० किलोमीटर. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय आणि नागपुरातील खासगी महाविद्यालयेही आवाक्यात आहेत.

पदवीनंतर दंत महाविद्यालयात अध्यापन, कर्करोग रुग्णालयात पुनर्वसनाचे काम, सैन्यदलातील दंतसेवा, किंवा स्वतःचा दवाखाना असे मार्ग आहेत. स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो असे आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णास त्या आधारावर दात बसविले. तेव्हापासून इम्प्लांट ही या शाखेची मोठी वाट झाली आहे. आता संगणकाने माप घेणे व यंत्राने दात कोरणे हेही रूढ होत आहे. तरीही तज्ज्ञांचे सांगणे असे की, या विद्येस तीन गोष्टी लागतात: हाताचे कौशल्य, सौंदर्याची नजर आणि वृद्ध माणसाचे बोलणे ऐकून घेण्याचा संयम. तिसरी गोष्ट प्रवेशपरीक्षेत तपासली जात नाही.

आठ वर्षांचे शिक्षण सर्वांनाच शक्य नसते. त्यांच्यासाठी डेंटल मेकॅनिकचा साधारण २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशाच्या अटी त्या त्या संस्थेत आधी पाहाव्यात आणि संस्था मान्यताप्राप्त असल्याची खात्री करावी. ज्या मुलास चित्रकला येते, मूर्तिकाम आवडते किंवा ज्याचा हात बारीक कामास बसतो, त्याने हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

कवळी वापरणाऱ्यांच्या कुटुंबीयांस सूचना

१. पहिले काही दिवस मऊ पदार्थ द्यावेत, लहान घास घ्यावेत व दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावे.

२. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. कोरडी राहिल्यास ती आकसते, गरम पाण्यात वाकते.

३. कवळी मऊ ब्रश व साध्या साबणाने धुवावी. राख, मीठ किंवा मंजन लावू नये. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही.

४. टोचत असल्यास घरी कानस किंवा ब्लेड लावू नये आणि कवळी काढून ठेवून देऊ नये. ती घेऊन रुग्णालयात यावे. येण्यापूर्वी काही तास ती घालून ठेवल्यास टोचणारी नेमकी जागा हिरडीवर दिसते.

५. तुटल्यास सर्व तुकडे आणावेत. बाजारातील चिकट द्रव्याने जोडू नये.

६. दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास विलंब न करता दाखवावे.

आमचा हिशेब

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र व काठी यांबरोबर कृत्रिम दातांचाही समावेश आहे. म्हणजे या गरजेची दखल शासनानेही घेतली आहे. परंतु काठी हातात दिली की काम पुष्कळसे संपते. कवळीचे तसे नाही, हे वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आजवर देणगीदार आम्हांस विचारीत, "एका कवळीस किती खर्च येतो?" आणि आम्हीही तो आकडा देत असू. यापुढे आम्ही प्रश्नच थोडा बदलू इच्छितो. अ‍ॅक्रिलिक, मेण व दात यांचा खर्च हा लहान भाग आहे. मोठा भाग तज्ज्ञांच्या वेळेचा, तंत्रज्ञाच्या हाताचा आणि रुग्णाच्या फेऱ्यांचा आहे. आज मापे रेल्वेने नागपूरच्या प्रयोगशाळेत जातात आणि परत येण्यास आठवडा लागतो. रुग्णालयातच एक लहान प्रयोगशाळा व एक प्रशिक्षित तंत्रज्ञ असल्यास तुटलेली कवळी त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकेल आणि रुग्णाची एखादी फेरीही वाचेल. याकरिता परिसरातील एका होतकरू मुलास अथवा मुलीस तंत्रज्ञाच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे आणि रुग्णांसोबत त्यांच्या सोबत्याचेही प्रवासभाडे द्यावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवला आहे. एकदिवसीय कवळी शिबिरे तोवर बंद ठेवली आहेत. त्यामुळे यंदाच्या तक्त्यात या सदराखालील संख्या गतवर्षांपेक्षा कमी दिसेल. हितचिंतकांनी ती घट समजून घ्यावी.

मोजण्याची पद्धतही आम्ही बदलली आहे. कवळी दिल्याच्या दिवशी आता कोणाचेही नाव 'लाभार्थी' म्हणून लिहिले जात नाही. तीन महिन्यांनी रुग्ण कवळी घालून येतो, काय काय खातो ते सांगतो, त्यानंतरच त्याची नोंद होते. तपासणीच्या तारखा ठरविताना रोवणी व कापणीचे दिवस टाळले जातात आणि तारीख घरातील एका जबाबदार व्यक्तीस लेखी दिली जाते.

त्या शेतकरी गृहस्थांनी आणलेली कवळी आम्ही परत केली नाही आणि कोणास दिलीही नाही. त्यांच्या अनुमतीने ती कार्यालयातील कपाटात, मागील वर्षांच्या अहवालांशेजारी ठेवली आहे. नवा रकाना भरताना ती नजरेस पडते. आपण सर्वांनी आजवर दिलेल्या विश्वासास पात्र राहण्यास तिचे साहाय्य होईल, असा आम्हांस भरवसा आहे.